दुधाचे दात आणि हिरड्या कशा सांभाळाव्यात: गावात राहणाऱ्या नव्या आईवडिलांसाठी

माझी मोठी मुलगी दोन वर्षे चार महिन्यांची असताना तिने भाकरी खाणे सोडले. वरणात कुस्करून दिलेला घासही ती एकाच बाजूने चघळत असे आणि माठातले थंड पाणी तोंडाला लागले की रडत असे. नजर लागली असेल, जंत झाले असतील, असे म्हणत आम्ही दोन आठवडे घालवले. शेवटी तालुक्याच्या गावी दंतवैद्यांनी तिला माझ्या मांडीवर आडवे करून अंगठ्याने तिचा वरचा ओठ उचलला. समोरच्या चारही दातांची हिरडीलगतची कड तपकिरी होऊन पोखरली गेली होती आणि एका दाताचे नुसते बूड उरले होते. रोज तिचे तोंड धुणाऱ्या मी तो ओठ त्या दिवसापर्यंत एकदाही उचलून पाहिला नव्हता.

घरी परतल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अवं, दुधाचे दात त पडूनच जातेत, त्याले काय होते?" आपल्याकडे बहुतेक घरांत हेच ऐकायला मिळते. पण दुधाचे एकूण २० दात असतात आणि त्यातल्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. मूल त्यांच्यावर चावते, समोरच्या दातांच्या आधाराने बोलायला शिकते आणि खाली तयार होणाऱ्या पक्क्या दातांसाठी हेच दात जागा धरून ठेवतात. दूधदाढ लवकर काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पुढे पक्का दात वाकडा येतो.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. एका दाताच्या उपचारासाठी चार वेळा एसटीने जाणे-येणे म्हणजे ऐन कापूस वेचणीच्या हंगामात चार दिवसांची मजुरी बुडणे. धाकट्या मुलाच्या वेळी मी सगळे पहिल्या दिवसापासून शिकून केले. तो आता अडीच वर्षांचा आहे आणि त्याचे दात स्वच्छ आहेत. जे केले आणि जे आधी कळायला हवे होते, ते क्रमाने लिहीत आहे.

जवळ काय असावे

- जुन्या सुती धोतराचे किंवा मलमलीचे मऊ कापड, हातरुमालाएवढे चार-पाच तुकडे. ते उकळून, उन्हात वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवावेत.
- लहान डोक्याचा, अगदी मऊ केसांचा बाळाचा ब्रश. तो दर तीन महिन्यांनी किंवा केस फाकले की बदलावा.
- फ्लोराईड असलेली साधी टूथपेस्ट. ट्यूबवर फ्लोराईडचे प्रमाण वाचावे. १००० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) आसपास असावे. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये ते फार कमी असते किंवा मुळीच नसते.
- वाटी-चमचा आणि बाळाच्या हातात मावेल असा छोटा पेला.
- मोबाइलची बॅटरी किंवा छोटा टॉर्च, तोंडात पाहण्यासाठी.
- माता व बाल संरक्षण कार्ड. दात कोणत्या महिन्यात निघाला, हे त्याच्या मागच्या कोऱ्या जागेत लिहून ठेवा.

१. दात येण्याआधी हिरड्या पुसा

दात दिसण्याची वाट पाहू नका. बाळ साधारण दोन-तीन महिन्यांचे झाले की दिवसातून एकदा, शक्यतो रात्री झोपण्याआधी, हिरड्या पुसण्याची सवय लावा. आधी साबणाने हात धुवा आणि नखे कापलेली असू द्या. उकळून गार केलेल्या पाण्यात कापड भिजवून पिळा, तर्जनीवर गुंडाळा आणि वरची व खालची हिरडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलक्या हाताने पुसा. हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. बाळाला तोंडात बोट येण्याची सवय झाली की पुढे ब्रशला ते विरोध करत नाही, हा याचा सर्वांत मोठा फायदा मी पाहिला.

पुसताना काही गोष्टी दिसतील. नवजात बाळाच्या हिरडीवर मोहरीएवढे पांढरे मणी दिसले, तर ते दात नव्हेत. काही आठवड्यांत ते आपोआप जातात, सुईने टोचू नका. जिभेवर दुधाचा पांढरा थर असेल, तर तो पुसला की निघतो. पण गालांच्या आत आणि हिरड्यांवर दह्यासारखे पांढरे चट्टे असतील, पुसूनही निघत नसतील किंवा निघताना खाली लाल व रक्ताळलेले दिसत असेल, तर तो बुरशीचा संसर्ग आहे. आपल्याकडे "तोंड आलं" म्हणून त्यावर मधात टाकणखार कालवून लावतात. तसे मुळीच करू नका. टाकणखार बाळाला विषारी ठरू शकतो आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवल्यास बोटुलिझम नावाचा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. याच कारणाने मधातली घुटीही नको. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय दुसरे काही लागत नाही. बुरशीवर डॉक्टर साधे थेंब देतात.

क्वचित एखादे बाळ दात घेऊनच जन्माला येते. असे बाळ अपशकुनी असते, हे खोटे आहे. तो दात फार हलत असेल, दूध पिताना आईला लागत असेल किंवा बाळाच्या जिभेखाली जखम करत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. घरी ओढून काढू नका.

२. दात निघण्याचे महिने शांतपणे काढा

पहिला दात बहुधा सहाव्या महिन्याच्या आसपास निघतो, पण चौथ्या महिन्यापासून वर्षापर्यंत केव्हाही निघाला तरी ते ठीकच आहे. आधी खालचे मधले दोन, मग वरचे मधले दोन, त्यानंतर त्यांच्या बाजूचे दात येतात. पुढे साधारण सव्वा ते दीड वर्षाच्या सुमारास पहिल्या दाढा येतात आणि सुळे त्यांच्यानंतर येतात, त्यामुळे मध्ये काही महिने सुळ्यांची जागा रिकामी दिसते. माझ्या मुलीच्या वेळी मी ती फट पाहून घाबरले होते. शेवटच्या दाढा अडीच-तीन वर्षांपर्यंत येतात. वरचे दात आधी आले तर मामाला भारी असते, असे म्हणतात. क्रम मागेपुढे होण्याला तेवढाही अर्थ नाही. दीड वर्षापर्यंत एकही दात निघाला नाही, तर मात्र दाखवून घ्या.

या काळात लाळ गळते, बाळ हाताला येईल ते चावते, चिडचिड करते, हिरडी लाल व फुगलेली दिसते. कधी हिरडीवर निळसर फुगा येतो आणि दात वर आला की तो आपोआप फुटतो. हनुवटी व मान कोरडी पुसत राहिलात, तर लाळेने पुरळ येत नाही. स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरडी चोळणे आणि माठाच्या पाण्यात भिजवून पिळलेले स्वच्छ कापड चावायला देणे, हे दोन उपाय मला सर्वांत उपयोगी पडले. गाजराचा किंवा वाळक्या भाकरीचा कडक तुकडा मात्र देऊ नका. बाळाने तो तोडला की घशात अडकतो.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना. "दात निघत आहेत, म्हणून संडास लागली" असे म्हणून जुलाब घरी अंगावर काढू नका. दात निघाल्याने जुलाब होत नाहीत. त्या वयात बाळ रांगते, जमिनीवरचे सगळे तोंडात घालते आणि वरचे अन्न नुकतेच सुरू झालेले असते, त्यामुळे पोटात जंतू जातात. जुलाब सुरू होताच आशाताईंकडून ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या घ्या. ओआरएस लगेच सुरू करा आणि झिंक १४ दिवस पूर्ण द्या, जुलाब थांबले तरीही. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, रडताना अश्रू येईनात किंवा बाळ मलूल पडले, तर त्याच तासाला दवाखान्यात न्या. तापाचेही तसेच आहे: अंग किंचित कोमट लागू शकते, पण १०० अंशांच्या वर गेलेला ताप दातांमुळे आला असे समजू नका.

औषधांच्या दुकानात हिरडी बधिर करणारे जेल मिळते. त्यातल्या बेन्झोकेन नावाच्या औषधाने लहान बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते, म्हणून दोन वर्षांखालील मुलांना ते वापरू नये. "दात सहज निघण्याच्या" गोळ्याही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका. गळ्यात मण्यांची माळ बांधू नका. झोपेत ती आवळली जाते आणि तुटली तर मणी घशात जातो. तंबाखू, गुडाखू, मशेरी हिरडीला चोळण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो स्पष्टपणे नाकारा. घरात खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खाणारे कोणी असेल, तर हात साबणाने धुतल्याशिवाय त्यांनी बाळाच्या तोंडाला बोट लावू नये, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. आमच्या घरी सासऱ्यांना हे सांगताना मला फार संकोच वाटला होता, पण त्यांनी ते ऐकले.

३. पहिला दात दिसला की ब्रश सुरू करा

खालच्या हिरडीतून तांदळाच्या कणीसारखी पांढरी कड दिसली, त्याच दिवसापासून सकाळी एकदा आणि रात्री झोपण्याआधी एकदा ब्रश करा. तीन वर्षांपर्यंत पेस्ट तांदळाच्या एका दाण्याएवढी लावायची, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर पेस्ट मुलांना कधीही देऊ नका. बाळाला थुंकता येत नाही, म्हणून उरलेला फेस कापडाने पुसून घ्या. थुंकायला लागले की नुसते थुंकायला शिकवा. खळखळून चूळ भरली तर दातांवर राहायला हवे असलेले औषधही वाहून जाते.

ब्रश करताना बाळाला कसे धरायचे, हे मला दंतवैद्यांच्या मदतनीस ताईंनी दाखवले. घरातले दोघे जण समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसा. बाळाचे पाय एकाच्या कमरेकडे आणि डोके दुसऱ्याच्या मांडीवर येऊ द्या. पायाकडच्या माणसाने हात हळुवार धरायचे आणि डोक्याकडच्याने डाव्या हाताच्या बोटाने ओठ उचलून उजव्या हाताने ब्रश फिरवायचा. हिरडी आणि दात जिथे भेटतात, त्या रेषेवर छोटे गोल फेरे घ्या. एकटे असाल, तर बाळाला सतरंजीवर झोपवून त्याच्या डोक्यामागे बसा. पहिले आठ दिवस बाळ रडेल. रडताना तोंड उघडते, तेवढ्यात काम उरकते. नंतर सवय होते. ब्रश मुलाच्या हातात खेळायला जरूर द्या, पण सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात मोठ्या माणसाचाच असावा.

राखुंडी, कोळसा, मीठ, लाल मंजन यांतले काहीही बाळाच्या दातांवर घासू नका. दुधाच्या दातांवरचे कवच पातळ असते आणि खरखरीत पूड ते ओरबाडते. कडुनिंबाची काडी आजोबांना शोभते. बाळाच्या हिरडीला ती लागते.

४. रात्रीचे दूध

माझ्या मुलीचे दात इथेच गेले, म्हणून याविषयी सविस्तर लिहिते.

ती दहा महिन्यांची असताना कापूस फुटला होता आणि मी वेचणीला जाऊ लागले. बांधावरच्या कडुनिंबाला झोळी बांधून तिला आम्ही शेतातच झोपवायचो. ती लवकर झोपावी म्हणून दुधात दोन चमचे साखर घालून शिशी तिच्या तोंडात ठेवायचो आणि शिशीखाली दुपट्ट्याची घडी लावायचो, म्हणजे ती हलत नसे. रात्रीही तसेच. ती झोपून गेली तरी शिशीचे रबरी बूच तोंडातच असायचे आणि गोड दूध वरच्या दातांभोवती साचून राहायचे.

झोपेत लाळ फार कमी सुटते. जागेपणी लाळ तोंड धुत असते आणि आम्ल सौम्य करत असते. झोपेत ते काम जवळजवळ थांबते. तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल तासन् तास दाताचे कवच विरघळवत राहते. खालच्या समोरच्या दातांवर जीभ असते आणि लाळही तिथे अधिक सुटते, म्हणून ते बहुधा वाचतात. वरचे चार दात आधी जातात. दंतवैद्यांनी नुसते दात पाहून विचारले होते, "झोपताना शिशी देता का?" त्यांना ते दातांवरच वाचता आले होते.

म्हणून हे नियम पाळा:

- शिशी शक्यतो आणूच नका. वरचे दूध द्यायचेच असेल, तर वाटी-चमच्याने द्या आणि सहा-आठ महिन्यांपासून पेल्याने. शिशीमुळे जुलाबाचाही धोका वाढतो. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने शिशीच्या जाहिरातीलाच बंदी आहे.
- दुधात साखर, गूळ किंवा बाजारातली गोड पूड घालू नका. बाळाला गोडाची चव आपणच लावतो.
- शेवटचे दूध पाजा, मग दात पुसा किंवा ब्रश करा, मग झोपवा. त्यानंतर लागलेच तर साधे पाणी.
- चोखणी मधात किंवा साखरेत बुडवून कधीही देऊ नका.

शिशीची सवय आधीच लागली असेल, तर एका रात्रीत तोडू नका, घरात कोणालाच झोप मिळणार नाही. आधी चार-पाच दिवसांत साखर कमी करत शून्यावर आणा. मग झोपतानाच्या शिशीत दुधाऐवजी नुसते पाणी द्या. दूध जागेपणी पेल्यातून द्या. पाण्याच्या शिशीचा कंटाळा मुलाला आपोआप येतो. आम्हाला बारा दिवस लागले. पहिल्या तीन रात्री सासूबाईंनी तिला अंगणात कडेवर घेऊन फिरवले, आणि त्या तीन रात्री त्या नसत्या तर मी माघार घेतली असती, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच विश्वासात घ्या.

अंगावरचे दूध बंद करू नका, असे मला इथे मुद्दाम सांगायचे आहे. ते दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही द्यावे. फक्त दात आल्यावर, विशेषतः वर्षानंतर, बाळ रात्रभर स्तन तोंडात ठेवून झोपत असेल, तर झोप लागताच हळूच सोडवा. झोपण्याआधीचा ब्रश चुकला नाही, की निम्मी काळजी मिटते.

५. खाऊ, उष्टे आणि लोहाचे औषध

किती गोड खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले, हे दातांसाठी अधिक महत्त्वाचे असते. प्रत्येक वेळी गोड लागल्यावर तोंडात काही काळ आम्ल राहते. चहात बुडवलेले बिस्किट किंवा टोस्ट सकाळी, दुकानातला पाच रुपयांचा पुडा दुपारी, पाहुण्यांनी दिलेले चॉकलेट संध्याकाळी, असे चालले तर दाताला उसंतच मिळत नाही. गोड द्यायचे असेल, तर जेवणासोबत एकदाच द्या. मधल्या भुकेला ज्वारीच्या कण्या, मऊ वरण-भात, उकडलेले अंडे, केळे, घरचे दही द्या. वरूड-मोर्शीकडे संत्री घरचीच असतात. बिया काढून, साल सोलून फोडीतला गर द्या, पण रस शिशीत भरून चोखत ठेवायला देऊ नका.

कीड करणारे जंतू बहुधा आईच्या किंवा सांभाळणाऱ्यांच्या लाळेतूनच बाळाच्या तोंडात जातात. घास आधी आपल्या तोंडात चावून मऊ करून भरवणे, चमचा चाटून देणे, पडलेली चोखणी आपल्या तोंडात घालून "साफ" करणे बंद करा. आपले किडलेले दात गरोदरपणातच दाखवून घेतले, तर बाळाचाही फायदा होतो.

सहा महिन्यांपासून आशाताई लोहाच्या औषधाची ५० मिलीची बाटली देतात आणि आठवड्यातून दोनदा १ मिली द्यायला सांगतात. त्याने दातांवर काळे डाग पडू शकतात आणि त्या भीतीने आमच्या वस्तीतल्या दोघींनी औषधच बंद केले होते. तसे करू नका. ते डाग वरवरचे असतात, कीड नव्हे, आणि दवाखान्यात घासून निघतात. औषध गालाच्या आत मागच्या बाजूला सोडा आणि लगेच ओल्या कापडाने दात पुसा. खोकल्याची गोड औषधे दिल्यावरही तसेच पुसून घ्या.

६. महिन्यातून एकदा ओठ उचला

लसीकरणाची तारीख लक्षात राहते, तसा महिन्याचा एक दिवस ठरवा. बाळाला उजेडाकडे तोंड करून झोपवा, वरचा ओठ उचला आणि दात कोरडे पुसून हिरडीलगत पाहा. खडूने ओढल्यासारखी मळकट पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची पहिली खूण आहे. या टप्प्यावर दाताला छिद्र पडलेले नसते. साखर थांबवून, ब्रश नीट करून आणि दंतवैद्यांकडून फ्लोराईडचा लेप लावून ती तिथेच थांबवता येते. रेघ पिवळी-तपकिरी झाली, बोटाला खळगा लागला, तर आठवडाभरात दवाखान्यात जा. हिरडीवर पुवाची पुटकुळी आली, गाल सुजला किंवा सोबत ताप असेल, तर त्याच दिवशी जा. गालावर गरम शेक देत बसू नका.

दातातला "किडा" काढून दाखवणारे फिरस्ते अजूनही बाजाराच्या दिवशी दिसतात आणि काही घरांत रिंगणीच्या बियांची धुरी देतात. दातात किडा नसतोच. धुरीने बाळाचे तोंड भाजते, श्वास कोंडतो आणि मोलाचे दिवस जातात.

७. पिण्याचे पाणी तपासून घ्या

शहरातल्या लेखांमध्ये हा मुद्दा सहसा नसतो, पण आपल्या भागात तो टाळता येत नाही. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या अनेक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. थोडे फ्लोराईड दातांना बळ देते. जास्त झाले तर तेच दाताचे कवच बिघडवते. पक्क्या समोरच्या दातांचे कवच जन्मापासून पहिल्या तीन-चार वर्षांत हिरडीच्या आत तयार होत असते, त्यामुळे बाळपणी प्यालेल्या पाण्याचा परिणाम सातव्या-आठव्या वर्षी पांढरे पट्टे आणि पिवळे-तपकिरी डाग होऊन दिसतो. हे डाग घासून जात नाहीत. शाळेत एका वर्गातल्या बऱ्याच मुलांचे दात तसे दिसत असतील, तर मुले दात घासत नाहीत असे म्हणण्याआधी हापशीकडे पाहा.

काय करायचे, ते असे. ग्रामपंचायतीत विचारा, की आपण ज्या बोअरचे किंवा हापशीचे पाणी पितो, त्याच्या तपासणीत फ्लोराईड किती निघाले. जलजीवन मिशनमध्ये गावांना तपासणीच्या पेट्या दिल्या आहेत आणि गावातल्या पाच महिलांना त्या वापरायला शिकवण्याची योजना आहे. त्या ताई कोण, हे ग्रामसेवकांना ठाऊक असते. पक्का आकडा हवा असेल, तर स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत नमुना घेऊन, स्रोताचे नाव व तारीख लिहून, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवा. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगले, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्यापुढचे पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी वापरू नये, धुणी-भांड्याला चालते.

पाणी उकळल्याने फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते. साध्या कँडलच्या फिल्टरने ते निघत नाही आणि घरी तुरटी फिरवण्यावरही विसंबू नका. आरओ यंत्राने ते कमी होते. गावात आरओचे एटीएम असेल, तर किमान बाळाचे पिण्याचे व शिजवण्याचे पाणी तिथून आणा. उथळ विहिरीत किंवा धरणाच्या नळयोजनेत ते साधारणपणे खोल बोअरपेक्षा कमी असते, पण तेही तपासूनच वापरा. आईने असे पाणी प्याले, तरी तिच्या दुधात फ्लोराईड फारच थोडे उतरते, त्यामुळे पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध हे इथेही सर्वांत सुरक्षित आहे. तुमच्या गावचा आकडा जास्त निघाला, तर पेस्ट कोणती आणि किती वापरायची, हे तो कागद दाखवून दंतवैद्यांना विचारा.

८. दवाखान्यात कधी, कुठे आणि काय घेऊन जावे

पहिली भेट दुखण्यासाठी नसावी. पहिला दात आल्यावर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास, एकदा दाखवून आणा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते आणि दातांची कीड त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. त्या दिवशी बाळाला घरी ठेवू नका, आणि "दात बघा" असे स्वतः म्हणा, कारण गर्दीत वजन-उंचीनंतर तोंड पाहायचे राहून जाते. पथकाने पुढे पाठवल्याची चिठ्ठी दिली, तर ती जपून ठेवा. तिच्यावरून जिल्हा पातळीवरचे उपचार मिळतात.

प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा दंतवैद्य नसतात. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात त्यांचे ठरलेले वार असतात, तेव्हा आशाताईंकडून फोन करवून खात्री करूनच निघा. मोठ्या उपचारासाठी नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आणि वर्ध्याजवळ सावंगी मेघे येथील दंत महाविद्यालय आहे. तिथे मुलांच्या दातांचा विभाग वेगळा असतो आणि तोच विचारा. सकाळी लवकर पोहोचा, म्हणजे परतीची गाडी मिळते.

सोबत न्यायचे: बाळाचा जन्मदाखला किंवा आधार, पालकाचे आधार, रेशनकार्ड, माता व बाल संरक्षण कार्ड, आधीची चिठ्ठी व औषधे, पाणी तपासणीचा कागद, बाळाचे दुपटे आणि घरचे खाणे. बाळाला भूल द्यावी लागेल असे आधी सांगितले असेल, तर किती तास उपाशी ठेवायचे ते विचारून घ्या.

उपचारांना घाबरू नका. छोटी कीड भरता येते. फार लहान मुलात कीड थांबवण्याचे औषध नुसते लावतात, त्याने ती जागा काळी पडते पण दात टिकतो. दाढ जास्त किडली असेल, तर आतली नस साफ करून वर स्टीलची टोपी बसवतात. माझ्या मुलीचे तीन दात असे वाचले, चौथा काढावा लागला. "डॉक्टर सुई टोचतील" अशी भीती मुलांना कधीही घालू नका. आमच्याकडून ती चूक आधी होऊन गेली होती, आणि त्यामुळे पहिल्या दोन भेटींत तिने तोंडच उघडले नाही.

९. पडल्यावर आणि सहाव्या वर्षी

चालायला लागलेले मूल ओसरीवरून पडते आणि दाताला मार बसतो. स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवा, बाहेरून थंड पाण्याची पट्टी ठेवा. दुधाचा दात मुळासकट निखळला, तर तो पुन्हा खाचेत बसवू नका, आतल्या पक्क्या दाताला इजा होते. तुकडा जपून घेऊन दवाखान्यात जा. दात नंतर करडा पडला, तरी दाखवा.

सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, एकही दात न पडता, पहिली पक्की दाढ येते. ती दुधाचीच समजून बहुतेक घरांत दुर्लक्ष होते. माझी मुलगी आता सहा वर्षांची आहे आणि मागच्या महिन्यात ओठ उचलण्याच्या दिवशी ती दाढ मला उजव्या बाजूला खाली दिसली, अर्धी हिरडीखालीच होती. अशी अर्धवट आलेली दाढ शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते आणि नेहमीचा ब्रश तिच्यावरून निघून जातो, म्हणून ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालून तिच्यावर वेगळा फिरवावा लागतो. पूर्ण वर आली की तिच्या खाचा औषधाने बुजवून घेता येतात. ती तारीख मी कार्डाच्या मागे, धाकट्याच्या दातांच्या तारखांखाली, आताच लिहून ठेवली आहे.